घरच्या घरी स्पर्म टेस्ट किट: रेघा दोन आल्या, पण...

५ पैकी २ स्टार. ते २ पण किट खोटं बोललं नाही म्हणून.

लॅबमध्ये डबी घेऊन जायची लाज वाटत होती, खरं सांगतो, म्हणून ऑनलाइन मागवलं. वापरायला सोपं आहे, आधी २ ते ७ दिवसांचा गॅप ठेवायचा (म्हणजे सेक्स, हस्तमैथुन काही नाही), सॅम्पल पातळ होईपर्यंत अर्धा तास थांबायचं, मग ड्रॉपरने पट्टीवर थेंब टाकायचे. दुसरी रेघ उमटली आणि मी बायकोला "माझं नॉर्मल आहे" हे ज्या सुरात सांगितलं ना, तो सूर आठवला की आजही मान खाली जाते. कारण पुढचे ८ महिने सगळ्या टेस्ट तिच्याच. ट्यूब उघड्या आहेत का बघायची ती एचएसजी करून आली तेव्हा पोटाला गरम पाण्याची पिशवी धरून पडली होती, आणि मी शेजारी मोबाईल बघत बसलेलो.

दुसरी रेघ म्हणजे एवढंच की एका मिलीमध्ये दीड कोटीच्या वर स्पर्म आहेत. ते हलतात का, पुढे जातात का, आकार कसाय, काही नाही. खोक्यावर 'अचूक' हे मोठ्ठ्या अक्षरात आणि 'फक्त संख्या' हे आतल्या घडीच्या कागदावर मुंगीएवढ्या.

शेवटी डॉक्टर मॅडमनी मलाच लॅबमध्ये पिटाळलं. काउंट २.२ कोटी, म्हणजे किट बरोबरच होतं हो! पण पुढे सरकणारे फक्त १२ टक्के. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या मॅन्युअलमध्ये खालची मर्यादा ३० आहे. एका रिपोर्टवर जायचं नसतं म्हणून काही आठवड्यांनी परत केली, तेच. मग अँड्रॉलॉजिस्टनी (पुरुषांच्या अशा तक्रारींचे डॉक्टर) उभं करून खोकायला लावलं, हाताने तपासलं आणि दोन मिनिटांत म्हणाले, डावीकडे व्हेरिकोसील. पायाच्या शिरा फुगतात तशाच अंडकोषाच्या वरच्या फुगतात, रक्त साचतं, तिथली उष्णता वाढते. मूल होत नाही म्हणून तपासायला येणाऱ्या १०० पुरुषांत ३५-४० जणांना हे सापडतं म्हणे. म्हणजे इतकं कॉमन आणि मला शब्दसुद्धा माहीत नव्हता.

(जिममधला मित्र टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घे म्हणत होता. नाही घेतलं ते नशीब, त्याने उलट स्पर्म बनणंच थांबतं.)

ऑपरेशन झालंय. नवीन स्पर्म तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात त्यामुळे पुढचं सॅम्पल आत्ता देऊन उपयोग नाही, पुढच्या महिन्यात. लॅबमध्येच.

खोक्यात दोन टेस्ट येतात. दुसरी ड्रॉवरमध्ये पडून होती, परवा बायकोने न बोलता कचऱ्यात टाकली.