गच्चीवरचं ३ किलोवॉट सोलर: सबसिडी, जीएसटी आणि 'टॅक्स वाचतो'चं खरंखोटं

सोलर बसवल्यापासून लोक आम्हाला "बिल किती येतं?" यापेक्षा "टॅक्समध्ये किती सुटलं?" हेच जास्त विचारतात. तर आधीच सांगून टाकते, इन्कम टॅक्समध्ये एक रुपयासुद्धा सुटला नाही. सुटणारही नव्हता. तरीही सरकारच्या मदतीशिवाय आम्ही या भानगडीत पडलोच नसतो, हेही तितकंच खरं. ही मदत नेमकी कुठून येते आणि कुठून येत नाही, याबद्दल आमच्या भागात इतक्या बोलवा आहेत की सविस्तर लिहावं असं ठरवलं.

घर साताऱ्यात, स्वतःचं, वर स्लॅबची मोकळी गच्ची. माणसं चौघं. एक एसी, गीझर, बोअरची मोटर, बाकी नेहमीचं. महिन्याचा वापर सरासरी २८० युनिट आणि बिल तीन हजारांच्या आगेमागे. २०२५च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॉटचं ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं, सोलर बसवलं. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा तिन्ही बघून झाले, म्हणून आता लिहिते आहे.

कोटेशन घ्यायला तीन एजन्सीवाले बोलावले होते. त्यातल्या एकानं चहा संपायच्या आत सांगितलं, "मॅडम, पहिल्याच वर्षी ४० टक्के टॅक्समधून वजा होतात." ही ४० टक्क्यांची गोष्ट साफ खोटी नाही. पण तो घसारा आहे, म्हणजे वस्तू जुनी होते त्यापोटी नफ्यातून मिळणारी वजावट, आणि तो धंद्याच्या किंवा व्यवसायाच्या मालमत्तेवर मिळतो. गिरणीवाला, लॉजवाला, स्वतःचा दवाखाना असलेला डॉक्टर यांनी धंद्यासाठी सोलर बसवलं, तर ते आपल्या नफ्यातून वर्षाला ४० टक्के दरानं घसारा लावू शकतात. २०१७च्या मार्चपर्यंत तर हा दर ८० टक्के होता. राहत्या घराच्या गच्चीवरच्या पॅनेलला यातलं काही लागू होत नाही. पगारदार माणसाला ८०सीमध्ये बसवता येईल असंही काही नाही. कर्ज काढून बसवलं तर व्याजाची वजावट मिळेल का, हेही मी आमच्या सीएला विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "तुम्ही नवीन करप्रणालीत आहात ना? तिथं राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजालाच वजावट नाही, सोलरचं काय घेऊन बसलात."

मग हाती काय लागतं? रोख सबसिडी. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे ३ किलोवॉटला ७८ हजार. केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२४च्या फेब्रुवारीत एक कोटी घरांसाठी ७५,०२१ कोटींची ही योजना मंजूर केली, त्यातलाच हा भाग. पैसे एजन्सीला जात नाहीत, ग्राहकाच्या बँक खात्यात येतात. त्यामुळे पूर्ण रक्कम आधी आपल्यालाच भरावी लागते. जवळ पैसे नसतील तर ३ किलोवॉटपर्यंत बँका दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज देतात, आणि त्याचं व्याज नेहमीच्या पर्सनल लोनपेक्षा बरंच कमी असतं.

आमच्याकडे खरं काम निघालं ते नावाचं. लाइट बिल अजून सासऱ्यांच्या नावावर होतं. त्यांना जाऊन काही वर्षं झाली, पण बिल भरलं जातंय म्हटल्यावर कोण बघतं! योजनेच्या पोर्टलवर अर्ज करायचा तर ग्राहक क्रमांक, नाव आणि बँक खातं यांचा मेळ बसायला हवा. घर आता सासूबाईंच्या नावावर, म्हणून मीटरही आधी त्यांच्या नावावर करून घेतलं. मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती, वारसांची संमती अशी एक फाइल झाली. ज्यांचं मीटर अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर आहे, त्यांनी कोटेशन मागवण्याआधी हे काम उरकावं. १० किलोवॉटपर्यंत वेगळी तांत्रिक मंजुरी लागत नाही, त्यामुळे अर्ज पुढे सरकायला वेळ लागत नाही. अडतं ते कागदांपाशी.

पॅनेल बसले, नेट मीटर (घेतलेली आणि लाइनला दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर) लागला, तपासणी झाली, सासूबाईंना पॅनेलशेजारी उभं करून फोटो काढला (तो अपलोड करावा लागतो, त्यांनी त्यासाठी ठेवणीतली साडी नेसली होती), आणि महिन्याच्या आत ७८ हजार त्यांच्या पेन्शनच्या खात्यात जमा झाले. मोबाइलवरच्या मेसेजवर त्यांचा विश्वास नाही. बँकेत जाऊन पासबुकावर नोंद छापून आणली, तेव्हा कुठे "आले बाई" म्हणाल्या.

इथंच मला आपल्याकडची पद्धत पटते. सासूबाईंचं उत्पन्न म्हणजे फॅमिली पेन्शन. कर शून्य. सरकारनं हीच मदत टॅक्समधली सूट म्हणून दिली असती, तर त्यांच्या वाट्याला काय आलं असतं? काहीच नाही. माझा मावसभाऊ अमेरिकेत न्यू जर्सीत असतो. तिकडे इतकी वर्षं असंच होतं. सोलरच्या खर्चाच्या ३० टक्के रक्कम फेडरल, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या, टॅक्समधून वजा व्हायची, पण मुळात टॅक्स लागत असेल तरच. रोख परतावा नाही, उरलेली सूट फक्त पुढच्या वर्षी ओढता यायची. २०२२च्या कायद्यानं हा ३० टक्क्यांचा दर २०३२पर्यंत ठेवला होता. २०२५च्या जुलैत नवा कायदा आला आणि ३१ डिसेंबर २०२५नंतरच्या खर्चाला सूट बंद. भावाचं "पुढच्या वर्षी बघू" चाललं होतं, ते तसंच राहिलं. त्याच्यासारख्या भरपूर कर भरणाऱ्याला ती सूट मोठी होती यात शंका नाही. पण निवृत्त शिक्षक, विधवा, शेतकरी यांना आपलीच पद्धत उपयोगाची आहे.

कराचा संबंध येतो तो जीएसटीत, आणि तिथं आमचं टायमिंग हुकलं. सोलरच्या सामानावर २०२१च्या ऑक्टोबरपासून १२ टक्के होते. पूर्ण प्रकल्पाच्या बिलात ७० टक्के रक्कम सामानाची आणि ३० टक्के सेवेची धरतात, सेवेवर १८ टक्के, म्हणजे सरासरी १३.८ टक्के. आमची मूळ किंमत १,७०,००० होती, त्यावर २३,४६० रुपये कर लागला. २२ सप्टेंबर २०२५पासून सामानावरचा दर ५ टक्क्यांवर आला. शेजारच्यांनी दिवाळीनंतर तेवढंच सोलर बसवलं, त्यांना सरासरी ८.९ टक्के लागले. आमच्याच किमतीवर हिशेब केला तर हा कर १५,१३० होतो, ८,३३० रुपयांचा फरक. आता बसवणाऱ्यांनी मूळ किंमत आणि कर वेगवेगळे लिहिलेलं पक्कं बिल मागावं. एजन्सीवाले "सगळं धरून एवढे" असा गोल आकडा सांगतात आणि कर कमी झाला तरी गोल आकडा तोच राहतो.

तर आमचा खर्च १,९३,४६०, त्यातून सबसिडी गेली की १,१५,४६०.

पॅनेलबद्दल एक सूचना. सबसिडी हवी तर सेल (पॅनेलमधल्या वीज तयार करणाऱ्या चकत्या) आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले, म्हणजे डीसीआरचेच लागतात. ते महाग पडतात. "सबसिडीच्या मागे लागू नका, इम्पोर्टेड सेलचे स्वस्तात बसवून देतो" असं सांगणारे भेटतील. ७८ हजार सोडण्याइतका फरक मला तरी कुठल्या कोटेशनमध्ये दिसला नाही.

आता वापराचं. ऊन चांगलं असलं की दिवसाला बारा-तेरा युनिट होतात. २०२५मध्ये मे महिन्यातच पाऊस कोसळला, त्यामुळे ज्या महिन्यावर भिस्त होती तोच अर्धा वाया गेला. जुलैत सलग ढगाळ दिवस आले की तीन-चार युनिटांवर समाधान मानायचं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पुन्हा गाडी रुळावर. ज्या महिन्यात तयार झालेली वीज वापरापेक्षा जास्त, त्या महिन्यात बिल दीडशेच्या आसपास, कारण स्थिर आकार आणि त्यावरचं वीजशुल्क सुटत नाही. हे वीजशुल्क घरगुती बिलावर १६ टक्के असतं आणि रकमेवर लागतं. रक्कम उतरली की तेही उतरतं. खरा कर वाचतो तो इथं, दर महिन्याला, पण कोणी त्याची जाहिरात करत नाही. पावसाळ्यातले दोन महिने धरूनही आमचे पैसे चार वर्षांच्या आसपास वसूल होतील असं दिसतंय.

जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यांत वळते होतात. ३१ मार्चला शिल्लक राहिलेल्यांचे पैसे मिळतात, पण आपण वीज घेतो त्या दरानं नाही, बऱ्याच कमी दरानं. तेव्हा "वीज विकून कमाई" हे डोक्यातून काढून टाका.

लाइट गेली की सोलरही बंद पडतं, भर दुपारी लख्ख ऊन असलं तरी. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. हे आम्हाला माहीत होतं, पण आमच्याकडे येणारे पाहुणे अजून थक्क होतात. जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर त्यामुळे ठेवलाच आहे.

गच्ची अडते का? स्ट्रक्चर डोक्याच्या वर घ्यायला लावलं, त्याचे थोडे जास्त पैसे पडले. खाली सावली झाल्यानं सासूबाईंचं वाळवण मात्र पश्चिमेच्या कोपऱ्यात सरकलं, आणि कुरडया वाळायला एक दिवस जास्त लागतो ही त्यांची तक्रार कायम आहे. पॅनेल सकाळी लवकर, तापायच्या आत धुवायचे. बोअरच्या पाण्यानं पांढरे डाग राहतात, म्हणून नळाचं पाणी वापरतो. एजन्सीची पाच वर्षं देखभालीची जबाबदारी असते. आमचा एजन्सीवाला पैसे मिळेपर्यंत रोज फोन करायचा, आता आपणच तीनदा करावा तेव्हा माणूस येतो. करारावर सही घेतलेली आहे म्हणून निदान येतो तरी.

कोणी बसवावं? १०० युनिटांच्या पुढे विजेचा दर दुपटीवर जातो. त्यामुळे अडीचशे-तीनशे युनिट जाळणाऱ्याला फायदा भरपूर. महिन्याला सत्तर-ऐंशी युनिट लागणाऱ्यांनी ३ किलोवॉटच्या फंदात पडू नये. त्यांच्यासाठी आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी राज्याची 'स्मार्ट' योजना आहे, त्यात १ किलोवॉटला केंद्राच्या सबसिडीवर राज्याची भर मिळते, ती आधी बघा. आणि ज्यांना एजन्सीवाले "५ किलोवॉट घ्या, सबसिडी जास्त मिळेल" म्हणतायत, त्यांच्यासाठी: ३ किलोवॉटच्या वर कितीही बसवलं तरी ७८ हजारच. वरच्या दोन किलोवॉटचा सगळा खर्च तुमचा, घरात दोन एसी खरोखर चालत असतील तरच करा.