फिरणारं की झुलणारं? वाऱ्यावर हलणारी लाकडी शिल्पं

उघड्यावर लाकडी वातशिल्प उभारायचं तर आधी ठरवायचं ते हे: पाती गोल फिरवायची, की तोललेला दांडा झुलवायचा?

फिरणारं शिल्प लगेच नजर खेचतं. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. वादळात पाती सुसाट सुटतात आणि सगळा ताण बेअरिंगवर येतो. त्यात लाकूड पाणी पितं, आणि सर्वांत जास्त पितं ते कापलेल्या टोकांतून. एखादं पातं इतरांपेक्षा जड झालं की शिल्प थरथरायला लागतं. म्हणून पाती देवदारासारख्या हलक्या लाकडाची हवीत आणि टोकं नीट बंद केलेली.

झुलणाऱ्याची मजा वेगळी. टेकूच्या एका बाजूला लांब लाकडी हात, दुसऱ्या आखूड टोकाला शिसं. अमेरिकन शिल्पकार जॉर्ज रिकी (१९०७–२००२) यांनी स्टेनलेस स्टीलची लांब पाती अशीच तोलली होती. गुरुत्वमध्य टेकूच्या किंचित खाली ठेवला की झुळूकही पुरते आणि झोका संथ होतो. ओलाव्याने तोल इथेही ढळतो, पण वजन थोडं सरकवलं की भागतं. सागवानही चालतं, अंगच्या तेलामुळे ते टिकतं. उन्हापावसात करडं पडणारच, मला तर ते तसंच आवडतं.

इमारतींच्या मध्ये, जिथे वारा धड एका दिशेने येत नाही, तिथे मी झुलणारंच निवडेन. मोकळ्या माळावर फिरणारं शोभतं, फक्त ब्रेकची सोय आधी करा.