कर्मचारी प्रेरणा कार्यशाळा : तीन तारे, तेही दुपारच्या सत्राला

मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात आहे. बाहेरच्या एका संस्थेने आमच्यासाठी ही कार्यशाळा घेतली. सकाळी नुसत्या टाळ्या अन् घोषणा. निकालाचं काम तुंबलेलं आणि आम्ही डोळे मिटून 'मी आनंदी आहे' म्हणतोय!

दुपारी मात्र प्रशिक्षक बाईंनी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्गचा कामातल्या प्रेरणेबद्दलचा १९५९ चा सिद्धांत छान उलगडला. पगार, नियम, वरिष्ठांची वागणूक बिघडली की नाराजी वाढते. पण या गोष्टी सुधारल्या म्हणून कामात गोडी येतेच असं नाही. गोडी येते जबाबदारीतून, कौतुकातून, बढतीतून. पुनर्मूल्यांकनाचे अर्ज वर्षानुवर्षं नुसते पुढे सरकवणारा आमचा एक सहकारी पटकन म्हणाला, "मग आम्हाला अधिकार कोण देणार?" बाई निरुत्तर. कुलसचिव पहिल्या रांगेत बसणार असतील तरच यांना बोलवा.