अँग्लो-अमेरिकन लीगल ट्रॅडिशन: वेस्टमिन्स्टरचे दफ्तर घरबसल्या उघडताना

मध्ययुगीन इंग्लंडच्या राजाच्या न्यायालयांचे आणि खजिन्याचे मूळ दफ्तर लंडनच्या क्यू भागात, दि नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहे. त्यातल्या फार मोठ्या भागाची छायाचित्रे अमेरिकेतल्या ह्यूस्टन विद्यापीठाच्या विधी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर बघायला मिळतात. उपक्रमाचे नाव अँग्लो-अमेरिकन लीगल ट्रॅडिशन, अभ्यासकांच्या बोलण्यात एएएलटी. रॉबर्ट पामर, एल्स्पेथ पामर आणि सुझान येंक्स यांनी तो उभा केला. छायाचित्रांची संख्या ९० लाखांच्या वर आहे. वर्गणी द्यावी लागत नाही.

एवढे मोठे दफ्तर एवढे मोकळे ठेवलेले दुसरीकडे सहसा सापडत नाही. पण येथे दफ्तराचा फोटो मिळतो, दफ्तरदार मिळत नाही. शोधाच्या चौकटीत आडनाव टाकले आणि खटला समोर आला, असे होणार नाही. गुंडाळी कशी बांधली जायची, कोणता कारकून काय लिहायचा, तारखा कशा पडायच्या, हे ज्याला ठाऊक त्याचे काम तासाभरात होते. बाकीचे पन्नास चित्रे उलटून थकतात. म्हणून सेवेची पारख करताना दफ्तराची रचनाही सांगणे भाग आहे.

मांडणी राजांच्या कारकिर्दीनुसार आहे. हेन्री सहावा निवडला की त्याच्या काळातल्या मालिका दिसतात. सीपी ४० म्हणजे कोर्ट ऑफ कॉमन प्लीजच्या (लोकांच्या आपसातल्या दिवाणी दाव्यांच्या न्यायालयाच्या) गुंडाळ्या, केबी २७ म्हणजे किंग्ज बेंचच्या (राजाशी संबंधित आणि फौजदारी प्रकरणेही चालवणाऱ्या न्यायालयाच्या), ई १५९ म्हणजे एक्सचेकरच्या, म्हणजे खजिन्याच्या, मेमोरँडा रोल्स (कामकाजाची टिपणे), ई ३७२ म्हणजे पाइप रोल्स (खजिन्याचे वार्षिक हिशेब), सीपी २५/१ म्हणजे फीट ऑफ फाइन्स (जमिनीच्या तडजोडींच्या प्रती). ही सगळी नॅशनल अर्काइव्ह्जचीच क्रमांकपद्धती आहे, त्यामुळे आधी त्यांच्या ऑनलाइन कॅटलॉगमधून गुंडाळीचा क्रमांक काढून घ्यावा आणि मग येथे यावे. उलट क्रमाने गेल्यास भरकटायला होते.

पहिली ठेच लागते ती सालाला. न्यायालयाचे वर्ष चार सत्रांचे: मायकेलमस, हिलरी, ईस्टर, ट्रिनिटी. कॉमन प्लीजची प्रत्येक सत्राला एक गुंडाळी. साल मात्र इसवी सनाचे नाही, राजाच्या राज्यारोहणापासून मोजलेले. हेन्री सहावा १ सप्टेंबर १४२२ रोजी गादीवर आला, म्हणून त्याचे नववे वर्ष १ सप्टेंबर १४३० पासून ३१ ऑगस्ट १४३१ पर्यंत. त्या वर्षातले मायकेलमस सत्र १४३० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडते आणि हिलरी सत्र १४३१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत. त्यात पुन्हा त्या काळी इंग्लंडचे नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे हेच हिलरी सत्र जुन्या पद्धतीच्या लेखनात १४३० चे म्हणून येते. एडवर्ड तिसऱ्याचे आणखी कठीण. त्याचे राज्यवर्ष २५ जानेवारीला बदलते आणि हिलरी सत्र सुरू होते २० जानेवारीला. म्हणजे एकाच सत्राची पहिली तारीख एका राज्यवर्षात, बाकीच्या पुढच्या वर्षात. चुकीची गुंडाळी उघडली जाते ती बहुतेक या घोळामुळे. कागदावर आधी राज्यवर्ष, सत्र आणि आजचे इसवी साल अशा तीन रकान्यांत मांडून घ्यावे.

आता गुंडाळी. नाव गुंडाळी असले तरी चॅन्सरीची (राजाची पत्रे आणि हुकूम काढणाऱ्या कचेरीची) आणि कॉमन प्लीजची बांधणी वेगळी. चॅन्सरीच्या पेटंट (राजाच्या खुल्या पत्रांच्या) आणि क्लोज (बंद पत्रांच्या) रोल्समध्ये चर्मपत्राचा एक ताव दुसऱ्याच्या शेपटाला शिवत जातात, सलग लांब पट्टा होतो. कॉमन प्लीज, किंग्ज बेंच आणि एक्सचेकरकडे ताव एकावर एक रचून फक्त माथ्याशी शिवतात, जुन्या भिंतीवरच्या कॅलेंडरासारखे. मायकेलमस सत्राच्या गुंडाळीत पंधराव्या शतकात असे शेकड्यांनी ताव असतात, आणि प्रत्येक ताव पाठपोट लिहिलेला. एएएलटीने दोन्ही बाजूंचे वेगळे संच केले आहेत: पुढच्या बाजूंचा एक, पाठींचा दुसरा. नोंद पुढे संपली नाही आणि पाठीवर गेली, तर संच बदलावा लागतो. चित्राच्या क्रमांकानंतर एफ (पुढची बाजू) किंवा डी (पाठ) लावून कोणत्या बाजूचे ते सांगायची रीत आहे.

चित्राचा क्रमांक आणि तावाचा क्रमांक एक नव्हे, हे पक्के लक्षात ठेवावे. लांब ताव दोन चित्रांत येतो, कधी एकच ताव दोनदा टिपलेला असतो, सुरुवातीला गुंडाळीच्या लेबलाचे चित्र असते. खरा क्रमांक तावाच्या तळाशी, कारकुनाच्या हातचा. टिपण करताना मालिका, गुंडाळी, ताव, बाजू आणि शेवटी चित्रक्रमांक असे सगळे लिहावे. नुसता चित्रक्रमांक लिहून ठेवला तर क्यूला जाऊन मूळ ताव मागवणाऱ्याला त्याचा काहीच उपयोग होत नाही.

तळाशीच आणखी एक मोलाची गोष्ट असते: कारकुनाचे नाव. कॉमन प्लीजमध्ये समन्स, अटक, जप्ती यांच्या नेहमीच्या नोंदी फिलेझर नावाचे कारकून करत आणि त्यांना काउंट्या (इंग्लंडचे जिल्हे) वाटून दिलेल्या असत. प्रत्यक्ष युक्तिवाद आणि निकाल प्रोथोनोटरींच्या, म्हणजे न्यायालयाच्या मुख्य कारकुनांच्या, तावांवर. म्हणून केंटचा एक दावा सापडला की त्या तावाच्या तळाचे नाव टिपून त्याच नावाचे बाकीचे ताव आधी बघावेत. शेकडो तावांतले काही मोजकेच उरतात. डाव्या समासात प्रत्येक नोंदीशी काउंटीचे नाव असतेच; नजर समासावरून खाली सरकवत न्यायची, मजकुरात शिरायचे नाही. केबी २७ मध्ये राजाच्या बाजूचे, म्हणजे गुन्ह्यांचे वगैरे ताव ‘रेक्स’ (राजा) या मथळ्याखाली गुंडाळीच्या शेवटी आणि स्वतंत्र क्रमांकांचे. फौजदारी प्रकरण शोधणाऱ्याने सरळ शेवटाकडे जावे.

एक नोंद जवळून पाहू. समासात काउंटी. मग अमक्याने आपल्या मुखत्यारामार्फत ‘ऑप्तुलित से क्वार्तो दिए’, म्हणजे चौथ्या दिवशी स्वतःला रुजू केले, तमक्याविरुद्ध, ४० शिलिंग देणे असून बेकायदा अडवून धरल्याच्या दाव्यात. ‘एत इप्से नॉन वेनित’: आणि तो आला नाही. शेरीफला, म्हणजे काउंटीतल्या राजाच्या अधिकाऱ्याला, हुकूम होता की त्याला धरावे. शेरीफ कळवतो ‘नॉन एस्त इन्वेन्तुस’, सापडला नाही. म्हणून पुन्हा धरावा आणि ईस्टरच्या पंधरवड्याला येथे हजर करावा. संपले. अशा नोंदी हजारांनी आहेत आणि बहुतेक दावे याच्या पुढे जातच नाहीत. चौथा दिवस का? तारखेनंतर तीन दिवसांची सवड धरलेली असे, चौथ्याला जो उभा राहिला तो हजर. ४० शिलिंग हा आकडाही वारंवार भेटतो, कारण त्याहून कमी रकमेचे कर्ज सहसा खालच्या न्यायालयांचे काम होते.

ही वाक्ये लॅटिनमध्ये, आणि तीही मोडलेली. १३६२ च्या कायद्याने तोंडी युक्तिवाद इंग्रजीत करायला सांगितले, पण नोंद लॅटिनमध्येच राहिली, आणि सतराव्या शतकाच्या मधला थोडा काळ सोडला तर १७३३ पर्यंत राहिली. संक्षेप शिकल्याशिवाय गत्यंतर नाही. ‘पी’च्या खालच्या दांड्याला आडवी रेघ म्हणजे पेर, दांड्यातून डावीकडे वळलेला फाटा म्हणजे प्रो, डोक्यावर रेघ म्हणजे प्रे. आय, एन, एम, यू हे चारही सारख्याच उभ्या फटकाऱ्यांचे, त्यामुळे आडनावात हमखास चूक होते. मोडी वाचणाऱ्यांना ही जात ओळखीची वाटेल: अक्षर एकेक करून लागत नाही, ठरलेले वाक्य पाठ असले की आपोआप लागते. वरचा नमुना पाठ करावा. पाच-सहा असे नमुने डोक्यात बसले की गुंडाळीचा बहुतांश भाग नुसता ओझरता पाहून कळतो.

नवख्याने सीपी ४० पासून सुरुवात करू नये. सीपी २५/१ उत्तम. जमिनीच्या तडजोडीचा मजकूर एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहून नागमोडी कापत, दोन प्रती दोन्ही पक्षांना आणि तळाची प्रत, म्हणजे ‘फूट’, खजिन्याकडे. ही पद्धत ११९५ मध्ये सुरू झाली आणि १८३४ पर्यंत चालली. तुकडे लहान, अक्षर स्वच्छ, मजकुराचा साचा ठरलेला, मांडणी काउंटीनुसार. आठवडाभर रोज पाच तुकडे वाचले तरी हात बसतो. फक्त त्यातली किंमत आणि एकराचे आकडे खरे मानू नयेत, ते पुष्कळदा गोळाबेरीज आणि रिवाजाचे असतात. रकमा अनेकदा मार्कमध्ये येतात; मार्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स, आणि तो हिशेबाचा आकडा आहे, नाणे नव्हे.

मजकुरावर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न सीपी ४० मध्ये अधिक तीव्र. ‘बळाने आणि शस्त्रांनिशी’ हे शब्द ट्रेस्पासच्या (अंगाला, मालाला किंवा जमिनीला इजा केल्याच्या) दाव्यात येतातच, कारण त्यांच्याशिवाय दावा राजाच्या न्यायालयात उभा राहत नसे. १३१७ च्या रॅटल्सडेन विरुद्ध ग्रन्स्टन या दाव्यात दारूच्या पिंपातली वाइन काढून खारे पाणी भरल्याची तक्रार आहे, आणि तीही तलवारी व धनुष्यबाणांनिशी. खरोखर घडले ते बहुधा पोचवताना झालेले नुकसान असावे. अशा नोंदींवरून कोणी मध्ययुगीन गावात रोज हाणामारी होत होती असे लिहिले, तर त्याने साचा आणि हकीकत यांची गल्लत केली आहे. नुकसानभरपाईचा आकडाही वादीने मागितलेला असतो. मिळालेला वेगळा, आणि तो निकालापर्यंत गेलेल्या थोड्याच नोंदींत दिसतो.

याउलट एक तपशील भरवशाचा आहे. १४१३ च्या कायद्याने, ज्या दाव्यात प्रतिवादीला बहिष्कृत, म्हणजे कायद्याच्या संरक्षणाबाहेर, ठरवण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते, त्यात प्रतिवादीचा दर्जा किंवा धंदा आणि गाव लिहिणे सक्तीचे झाले. त्यापूर्वी नुसते नाव, त्यानंतर योमन (खातापिता शेतकरी), हजबंडमन (साधा शेतकरी), मर्सर (कापडाचा व्यापारी) असे, आणि गावासकट. कुळाचा किंवा गावाचा इतिहास शोधणाऱ्याने १४१३ नंतरच्या गुंडाळ्यांना आधी हात घालावा.

बहिष्काराचा धागा चॅन्सरीपर्यंत नेता येतो, आणि येथे राजाची दोन दफ्तरे एकमेकांना जोडली जातात. प्रतिवादी सापडेना तर काउंटी कोर्टात लागोपाठ पाच बैठकांत पुकारा होई. पाचव्यालाही आला नाही की तो कायद्याबाहेर. मग तो राजाकडून माफी विकत घेई, फ्लीट तुरुंगात स्वतःहून हजर होई, आणि ती माफी पेटंट रोलवर चढे: नाव, धंदा, गाव, कोणाचे किती देणे. पेटंट रोल्सचे इंग्रजी सारांश सूचीसह छापलेले आहेत. तेथे आडनाव शोधावे, माफीचे साल घ्यावे आणि तेथून मागे एकेक सत्र सीपी ४० उघडत जावे. लॅटिनच्या ढिगाऱ्यात शिरण्याची याहून चांगली वाट नाही. जोडीला एएएलटीच्याच विकीवर स्वयंसेवकांनी केलेल्या काही गुंडाळ्यांच्या नावनिशीवार याद्या आहेत. त्या सर्व सत्रांच्या नाहीत, पण ज्या आहेत त्या सरळ चित्रापर्यंत पोचवतात. लंडनशी संबंधित दाव्यांसाठी ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइनवर १३९९ ते १५०० मधल्या निवडक सत्रांचा शोधता येणारा संच आहे.

उणिवा. काही चित्रे पुसट आहेत. माथ्याशी शिवलेल्या भागात वरच्या ओळी वळणात दबतात आणि तळाची कडा कुरतडलेली असेल तर कारकुनाचे नावच हरवते. चित्र उतरवून घेऊन काळे-पांढरे करावे आणि कॉन्ट्रास्ट वाढवावा, फिकट शाई बरीच वर येते. एकोणिसाव्या शतकात अक्षर उठावे म्हणून लावलेल्या रसायनाचे तपकिरी डाग मात्र याने जात नाहीत, तेथे मूळ ताव अतिनील दिव्याखाली बघावा लागतो, आणि तो क्यूलाच. संकेतस्थळाचा चेहरा जुना, पाने साधी. मोठे चित्र हवे तसे सरकवण्याची सोय तोकडी असल्याने उतरवून घेऊन स्वतःच्या पडद्यावर बघणेच सोयीचे. चित्रे अभ्यासासाठी मोकळी आहेत; पुस्तकात छापायची तर नॅशनल अर्काइव्ह्जला विचारावे.

आणखी एक अडचण रचनेतली आहे, चित्रांची नाही. वाद जूरीपुढे गेला की सुनावणी पुष्कळदा काउंटीत होई आणि निकाल नंतर ‘पोस्तेआ’ या शब्दाने मूळ नोंदीखाली राखलेल्या मोकळ्या जागेत भरला जाई. शाई वेगळी, हात वेगळा, ओळी दाटीवाटीच्या. जागा कोरी दिसली तर खटला विझला किंवा मिटला असे समजावे, पण पाठ उलटून खात्री केल्याशिवाय नव्हे.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा कापला तो सूची नसल्याबद्दल. लॅटिनची भीती असलेल्याने सीपी २५/१ मधली आपल्या आवडीची एक काउंटी आणि १४१३ नंतरचे एक दशक निवडावे, आणि ‘हेक एस्त फिनालिस कॉन्कॉर्दिआ’ (ही अंतिम तडजोड आहे) या पहिल्या ओळीपासून वाचायला घ्यावे.