ई-खरेदी प्रणाली: काही महिन्यांच्या वापरानंतर (निविदा उघडते, ‘नग’ अडतो)

वैशिष्ट्यांची यादी पुस्तिकेत आहेच, त्यामुळे थेट तक्रारीवर येतो. खात्यांची खरेदी आणि निविदा ऑनलाइन करणाऱ्या या प्रणालीत सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे वस्तूच्या पुढचा एककाचा छोटा रकाना.

ए-४ कागद घ्या. एका रीममध्ये ५०० पानं, खोक्यात ५ रीम. मागणी नोंदवणारा ‘४० नग’ टाकतो, त्याच्या मनात खोकी असतात. कॅटलॉगमधला दर मात्र रीमचा. प्रणालीला काहीच खटकत नाही, आदेश ४० रीमचा निघतो. पुरवठादाराला फोन जातो, तो समजुतीने उरलेला माल पाठवतो आणि २०० रीमचं बिल लावतो. आता आदेश ४०, भांडाराची पावती २००, बिल २००. तिन्ही आकडे जुळल्याशिवाय देयक हलत नाही. आदेश दुरुस्त करावा तर रक्कम पाचपट होते, मूळ मंजुरी देणाऱ्याच्या मर्यादेबाहेर जाते, आणि फाइल वरच्या पातळीवरून पुन्हा पहिल्यापासून फिरते. कागदासाठी!

मूळ दुखणं माल-यादीचं आहे. प्रत्येक खात्याने आपापली जुनी एक्सेल शीट जशीच्या तशी ओतली. म्हणून एकाच वस्तूच्या ‘कागद ए४’, ‘झेरॉक्स पेपर’, ‘कोरा कागद ७५ जीएसएम’ अशा तीन नोंदी, आणि तिन्हींची एककं वेगळी. खात्यांची मागणी एकत्र करून दर पाडायचे, हा सगळ्या खटाटोपाचा मोठा फायदा. तो इथेच बुडतो. ‘युएनएसपीएससी’ या वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे आठ अंकी कोड लावले की प्रश्न सुटेल असं सांगितलं जातं. तो कोड वस्तू कोणती ते सांगतो, ती रीमने घ्यायची की खोक्याने, ते नाही. शिवाय घाईत असलेला माणूस कोड शोधत बसत नाही, ‘इतर’ निवडतो.

उपाय खर्चिक नाही. प्रत्येक वस्तूला एक मूळ एकक, एक खरेदीचं एकक आणि दोघांमधलं गुणोत्तर द्या. पॅकमध्ये येणाऱ्या वस्तूंना ‘नग’ हा पर्यायच ठेवू नका. मंजुरीच्या पडद्यावर ‘४० रीम = २०,००० पानं’ असं ठळक दिसू द्या. सही करणाऱ्याला चूक तिथेच दिसते.

बोली उघडण्याबाबत मात्र मत बदललं. दोन अधिकाऱ्यांच्या टोकनशिवाय (डिजिटल सहीची किल्ली ठेवणारं छोटं उपकरण) बोलीचा ऑनलाइन लिफाफा उघडत नाही, हा सुरुवातीला निव्वळ ताप वाटायचा. पण अंतिम वेळ सर्व्हरच्या घड्याळावर ठरते, त्यामुळे ‘दोनच मिनिटं उशीर झाला हो’ ही अजिजी संपली, आणि दोन टोकनांमुळे दर आधी कुणी पाहिले हा संशयही. काळजी एवढीच घ्या: चौघांना नेमा, कुठल्याही दोघांनी उघडेल असं ठेवा, नाहीतर एका बदलीत निविदा अडकते. डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राचं नूतनीकरण झालं तरी जुनं टोकन पुसू नका. जुन्या किल्लीने बंद झालेली बोली नव्या किल्लीने उघडत नाही. बोलीदारांनाही स्पष्ट सांगा की २०० डीपीआय, कृष्णधवल स्कॅन पुरतं. ६०० डीपीआयच्या रंगीत फाइली शेवटच्या तासात अपलोड होत नाहीत आणि खापर पोर्टलवर फुटतं.

सगळ्यात चीड येते ती ‘सोबत छापील प्रती जोडाव्यात’ या ओळीची. दक्षिण कोरियाची कोनेप्स ही सरकारी ई-खरेदी प्रणाली २००२ मध्ये सुरू झाली. तिथे बोलीदाराची नोंदणी, करभरणा अशी माहिती दुसऱ्या खात्यांच्या प्रणालीतून थेट तपासता येते. युरोपीय संघाच्या २०१४ च्या खरेदी-निर्देशाने ऑक्टोबर २०१८ पासून बोली इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच घेणं बंधनकारक केलं. आपण मात्र पोर्टलवर चढवलेलाच दाखला छापून, शिक्का मारून मागवतो. दोन्ही प्रतींत फरक निघाला तर खरी कोणती, हे निविदेच्या अटींत बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं, आणि वाद तिथूनच सुरू होतो. छापील प्रत लागणारच असेल तर ‘पोर्टलवरची प्रत ग्राह्य’ एवढी एक ओळ अटींत घाला.

आणि वर्षअखेरीचं एक. ४० पैकी ३९ रीम आल्या तर उरलेल्या एकीसाठी आदेश उघडाच राहतो आणि तेवढी तरतूद अडकून पडते. ‘शॉर्ट क्लोज’, म्हणजे उरलेला माल सोडून आदेश बंद, करावं लागतं, पण तो अधिकार सहसा भांडारपालाकडे नसतो, मंजुरी देणाऱ्याकडे असतो. म्हणून उघड्या आदेशांची यादी शेवटच्या आठवड्यात नको, महिनाभर आधी काढा.