घोट्याचा स्प्लिंट (एएफओ, म्हणजे घोटा व पाऊल धरून ठेवणारा आधार): आठ महिन्यांच्या वापरानंतर

गुलियन-बॅरे सिंड्रोममुळे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते, तो आजार) माझे दोन्ही पाय गुडघ्याखाली निश्चेष्ट झाले, तेव्हा तिसऱ्या आठवड्यात हे प्लास्टिकचे स्प्लिंट माझ्या मापाने बनवून घेतले. पाऊल पोटरीशी 90 अंशांत धरून ठेवणे एवढेच त्यांचे काम, आणि खरे सांगायचे तर तेव्हा मला ती नसती अडचण वाटली होती. मात्र पाऊल उचलणारे स्नायू काम करत नसताना ते अंथरुणात पांघरुणाच्या भारानेसुद्धा खाली लोंबते, आणि तसेच राहिले तर पोटरी आखडून, पुढे ताकद परतली तरी टाच जमिनीला टेकत नाही. मज्जातंतूचे केवळ आवरण खराब झाले असेल तर सुधारणा तुलनेने लवकर होते. आतला तंतूच नष्ट झाला असेल तर तो दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो, म्हणजे गुडघ्यापासून पावलापर्यंत यायला वर्ष सहज जाते. तोवर सांधा मोकळा ठेवायचा असतो. स्प्लिंटने ताकद येत नाही.

तक्रार आहे ती मापाची. पहिल्याच रात्री उजव्या घोट्याच्या बाहेरच्या हाडावर लाल चट्टा उठला आणि पाय बधिर असल्याने मला तो कळलाही नाही. सकाळी पत्नीने पाहिला. त्यानंतर आधी तासभर, मग दोन तास, असे वाढवत नेले आणि दर वेळी काढून टाच व घोटे तपासले. लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर प्लास्टिक गरम करून तिथे फुगवून घ्यावे लागते. वरचा पट्टाही गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला असलेल्या हाडाच्या उंचवट्यावर आवळू नये, कारण पाऊल उचलणारी नस तिथे कातडीलगत असते आणि ती दाबली गेली तर स्प्लिंटच नवे दुखणे लावतो.

पाचव्या महिन्यात बुटात हेच घालून चालू लागलो. बूट एक माप मोठा लागला, आत सुती मोजा अनिवार्य, आणि जिना उतरणे अजूनही अवघड जाते, कारण घोटा वाकतच नाही. पोटरीचे ताण देण्याचे व्यायाम स्प्लिंट असूनही रोज करावेच लागतात, मात्र थकून जाईपर्यंत केले की दुसऱ्या दिवशी पाय अधिकच ढिले पडतात.

डावा स्प्लिंट गेल्या महिन्यापासून दिवसा लागत नाही. उजव्याचे अस्तर दुसऱ्यांदा बदलायला दिले आहे.