दहा खळग्यांची पट्टी: भावाच्या डे-सेंटरचा दीड वर्षाचा अनुभव

मोठ्या वयाच्या दिव्यांगांच्या या सेंटरचं नाव मुद्दाम देत नाही. जागा २५ जणांची, तीही भरलेली, आणि चालवणाऱ्या ताईंनीच सांगितलंय, "नाव टाकू नका हो, रोज फोन येतात आणि नाही म्हणताना जिवावर येतं." ठाण्यात कापूरबावडीच्या पुढे, घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला, एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर आहे, एवढं पुरे. तरी लिहितेय, कारण अशी जागा बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर दोन ठिकाणी डिपॉझिट भरून परत यावं लागलं नसतं.

भाऊ ३४ वर्षांचा. नवीन भाषेत बौद्धिक दिव्यांग. जुन्या दाखल्यावर मतिमंद लिहिलंय आणि आई अजून तेच म्हणते. अधूनमधून फिट येते, गोळी चालू आहे. स्पेशल शाळा अठराव्या वर्षी सुटली. त्यानंतर जवळजवळ पंधरा वर्षं टीव्ही, गॅलरी आणि स्वयंपाकघरात आईच्या मागे मागे. शाळा कुठे आहेत ते कुणीही सांगतं. ठाणे महापालिकेची 'जिद्द' आहे, नवी मुंबईवाल्यांना वाशीचं ईटीसी आहे. अठरानंतर काय, असं विचारलं की समोरचा माणूस घड्याळ बघायला लागतो.

आधीच्या एका ठिकाणी मॅडम सगळं माझ्याशी बोलत होत्या. हा शेजारी बसलेला. "ह्याला बाथरूमचं कळतं का?" त्याच्यादेखत. त्याने पायातली चप्पल काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. लाज वाटली की तो असंच करतो. इथे ताईंनी आधी खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि विचारलं, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" घरी, नात्यात, बिल्डिंगमध्ये सगळे त्याला बाळूच म्हणतात. त्याने स्वतःचं नाव, बाबांचं नाव, आडनाव अशी अख्खी ओळ म्हटली. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. मी खिडकीबाहेर बघत बसले. ताईंनी ते नाव लिहून घेतलं आणि आजपर्यंत तिथे कुणी त्याला बाळू म्हटलेलं मी ऐकलं नाही. घरी मात्र बाळूच. आईला सांगून बघितलं.

काम म्हणाल तर पॅकिंगचं. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या युनिटकडून स्क्रू येतात, दहा-दहाच्या पुड्या करायच्या. भावाला सातपर्यंत नीट मोजता येतं, पुढे आठ-नऊची अदलाबदल होते. मी म्हटलं, मग कसं जमणार? सरांनी एक लाकडी पट्टी दाखवली, तिच्यात दहा खळगे कोरलेले. प्रत्येक खळग्यात एक स्क्रू. रिकामा खळगा दिसला तर थांबायचं, एकही दिसला नाही की पट्टी पिशवीत उपडी करायची. मोजायची गरजच नाही! पंधरा वर्षं आम्ही त्याला एक ते दहा घोकून घेत होतो, त्यावरून आईने त्याला मारलंही आहे. पहिल्या महिन्याचे पाकिटात ३४० रुपये मिळाले. ते त्याने पँटच्या खिशात ठेवले आणि पँट मशीनमध्ये गेली. नोटा पंख्याखाली वाळवल्या, शेजारी तो पहारा देत बसला होता.

पण माझ्या मते फी वसूल होते ती सेंटरच्या बाहेर. महिना ५,५०० घेतात. तिसऱ्या महिन्यात तिथली सोशल वर्कर आमच्याकडे, वर्तकनगरला आली. मला वाटलं घर बघायला आलीय, म्हणून मी पोहे टाकले. ती पोहे न खाताच भावाला घेऊन खाली किराणा दुकानात गेली. हातात एक कार्ड, त्यावर दूध, ब्रेड आणि आमच्याच चहा पावडरीच्या पुड्याचे फोटो. दुकानदार नेहमीप्रमाणे कार्ड ओढून घ्यायला गेला, तर ती म्हणाली, "शेठ, दोन मिनिटं द्या, ते सांगतील." मागे तीन माणसं उभी. एकाने जीभ चकचकवली. भावाने दूध सांगितलं, ब्रेड सांगितला, तिसऱ्या फोटोवर अडकला. गप्प. शेठ माझ्याकडे बघतोय, मी जमिनीकडे. मग भाऊ म्हणाला, "आईचा चहा." ही बाई पुढचे चार गुरुवार येत राहिली, पाचव्या गुरुवारी रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली. आता तो एकटा जातो. परवा सुट्टे नव्हते म्हणून शेठने चॉकलेट टेकवलं, तर ते परत करून दोन रुपये घेऊन आला. मला नाही जमत ते.

राहायची सोयही आहे, वर्षातून दहा दिवसांपर्यंत, दिवसाला ८०० रुपये वेगळे. मावशीच्या नातवाचं लग्न सांगलीला होतं, तेव्हा चार रात्री ठेवला. आईला त्याच्याशिवाय झोपायची सवयच नाही. रात्री दीडला उठून त्याचं पांघरूण शोधत होती. तिसऱ्या दिवशी सेंटरमधून फोन आला: रात्री आठची फिटची गोळी दहाला दिली गेली, चूक आमची आहे, डॉक्टरांशी बोललोय, आज रात्री एक माणूस त्याच्या खोलीत झोपेल. मी फोनवर वाट्टेल ते बोलले. त्याला काही झालं नाही, तरी ही चूक साधी नाही आणि त्यासाठी मी इथे मार्क कापतेय. परत आले तेव्हा गोळ्यांचा तक्ता भिंतीवर लागला होता, सहीच्या रकान्यासकट. मी न विचारता त्यांनीच सांगितलं, हेही लिहायला हवं.

आता कागदपत्रं. महिन्याच्या पहिल्या रविवारी भावंडांची बैठक असते. आईवडिलांना प्रवेश नाही, हे फार बरं केलंय. आईनंतर कोण, हे आईसमोर बोलता येत नाही. तिथे मला पहिल्यांदा कळलं की मूल अठराचं झालं की आईवडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. आम्ही सोळा वर्षं बिनधास्त होतो! आता आईबरोबर माझाही अर्ज दिलाय, कोर्टनाक्याला तीन खेपा झाल्या. त्याच ट्रस्टची निरामय विमा योजना आहे, एक लाखापर्यंत, वयाची अट नाही, आधी तपासणी नाही. फिटवाल्या माणसाला दुसरं कोण दारात उभं करतं? आणि नोकरीवाल्या बहिणींनो, भाऊ तुमच्यावर अवलंबून असेल तर आयकरात ८०डीडी कलमाची ७५,००० ची वजावट तुम्हालाही मिळते, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा वर असेल तर १,२५,०००. फक्त जुन्या कर पद्धतीत. मी बँकेत काम करते आणि मला हे माहीत नव्हतं, आता हसा.

तक्रारी आहेतच. वेळ दहा ते साडेतीन, म्हणजे नोकरी करणाऱ्याने साडेतीननंतर काय करायचं ते देवाला माहीत. शनिवारी बंद. व्हॅन नाही, आणि मेट्रोच्या खांबांखालून पावसाळ्यात रिक्षा मिळवणं हा वेगळा व्यायाम. शिकवणारी मुलं टिकत नाहीत; भावाचा लाडका सर मार्चमध्ये सोडून गेला, त्यानंतर आठवडाभर हा दाराशीच बसायचा. नवीन माणसाची ओळख हळूहळू करून द्यायला हवी होती, हे त्यांना तोंडावर सांगितलंय. गॅदरिंगला स्पीकर इतका मोठा की अर्धी मुलं कानावर हात ठेवून स्टेजवर. आणि पालकांच्या ग्रुपवर रोज सकाळी 'देवाची लेकरं'छाप फॉरवर्ड. माझा भाऊ देवाचं लेकरू वगैरे नाही, रिमोटवरून चावतो.

प्रवेशाआधी दोन दिवस तुम्हाला सोबत बसू देतात, बसाच. पैशाची अडचण असेल तर सांगा, तीन-चार जणांची फी अर्धी आहे. डबा घरचा लागतो, आणि त्यांची अट अशी की तो त्याला स्वतः उघडता आला पाहिजे. आमचा क्लिपवाला, चार कप्प्यांचा महागडा डबा त्यांनी पहिल्याच दिवशी परत पाठवला. मग साधा गोल स्टीलचा घेतला, वर टोपीसारखं झाकण. तो आता स्वतःचा उघडतो, आणि शेजारच्याचाही न विचारता उघडून देतो. त्यावरून दोनदा मारामारी झालीय.